तुर्मालेचा घाट आणि एक तार



मागे आपण मुलींच्या सायकलींबद्दल बोललो होतो. मानव विकास कार्यक्रमातून शाळेच्या मुलींना सायकली मिळाल्या, चांगलं झालं. पण सायकल आली तरी घाट जागच्या जागीच आहे. चढ लागला की मुली खाली उतरतात आणि दप्तरासकट सायकल ढकलत नेतात. त्या बैठकीत एकीने विचारलं, घाटातून सायकली न्यायच्या असं पहिल्यांदा ठरवलं कोणी? आणि तो रस्ता ठरवताना काय काय पाहिलं? आम्ही गटातल्या चार-पाच जणींनी त्यावर वाचायला घेतलं आणि वाचता वाचता थेट फ्रान्समध्ये, शंभर वर्षांहून मागे जाऊन पोहोचलो. ती हकीकत आज सांगतो. नावं परदेशी आहेत, जीभ अडखळते, पण माणसं ओळखीची वाटतील.

फ्रान्स आणि स्पेन या दोन देशांच्या मध्ये पिरेनीज नावाची डोंगररांग आहे. एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंत आडवी पसरलेली. आपल्याकडे सगळ्यात उंच कळसूबाई, १,६४६ मीटर. पिरेनीजमधली तुर्माले नावाची खिंड २,११५ मीटरवर आहे. लक्षात घ्या, हे शिखर नव्हे. रस्ता डोंगर ओलांडून पलीकडे उतरतो, ती जागाच कळसूबाईच्या डोक्यापेक्षा साडेचारशे मीटर वर. वर्षातले कितीतरी महिने तिथे बर्फ असतं. गावं खाली दरीत, आणि उन्हाळ्यात मेंढपाळ आपली मेंढरं घेऊन वर जातात, आपल्याकडचे धनगर बांधव चाऱ्यामागे फिरतात तसे.

या खिंडीतून जाणारी वाट जुनी आहे आणि ती आजारी माणसांमुळे नावाला आली. पलीकडे बारेज गावात गरम पाण्याचे झरे आहेत. १६७५ साली राजा चौदावा लुई याचा एक लहान मुलगा पायाने अधू होता. त्याला सांभाळणाऱ्या बाई, पुढे मादाम द मँतनों म्हणून प्रसिद्ध झाल्या त्या, त्याला घेऊन बारेजच्या झऱ्यांवर गेल्या. नेहमीची दरीतली वाट बंद होती, म्हणून तुर्मालेवरून गेल्या, खुर्चीच्या डोलीत बसून, भोयांच्या खांद्यावर, असं तिकडे सांगतात. म्हणजे या घाटाच्या इतिहासात पहिलं मोठं नाव एका बाईचं आहे, आणि ती लेकराच्या दुखण्यासाठी तिथून गेली. पुढे दोनशे वर्षांनी, तिसरा नेपोलियन बादशहा असताना, गरम झऱ्यांची ही गावं एकमेकांना जोडणारा रस्ता बांधला गेला. बांधला म्हणजे घोडागाडी जाईल इतपत. नंतर रेल्वे आली, लोक दुसरीकडून जाऊ लागले, आणि वरचा रस्ता पावसाने आणि बर्फाने खात खात पायवाटेसारखा झाला. रस्ता कागदावर असतो आणि जमिनीवर नसतो, हे काय असतं ते आपल्याला कोणी वेगळं सांगायला नको.

आता सायकलीकडे येऊ. १९०३ साली पॅरिसमधल्या ‘लोतो’ नावाच्या वर्तमानपत्राने सायकल शर्यत सुरू केली. कारण साधं होतं, दुसऱ्या वर्तमानपत्राशी चढाओढ आणि अंक खपत नव्हता. पूर्ण देशाला वळसा घालायचा, टप्प्याटप्प्याने, आणि रोज त्याची बातमी छापायची. पुढचं वाचायला लोक दुसऱ्या दिवशी अंक विकत घेणारच. पहिल्या वर्षी ६ टप्पे, २,४२८ किलोमीटर. ६० जण निघाले, २१ पोहोचले. अंकाचा खप २५ हजारांच्या आसपास होता तो ६५ हजारांवर गेला. तिकडे या शर्यतीला लाडाने ‘मोठा वळसा’ म्हणतात. आपण देवाला प्रदक्षिणा घालतो, यांनी देशाला घातली.

पण सुरुवातीचा हा वळसा बराचसा सपाटीवरून जायचा. संपादक ऑन्री देग्रांज हे शिस्तीचे आणि सावध. त्यांच्या हाताखाली अल्फोन्स स्टेनेस नावाचा एक वार्ताहर होता, लक्झेंबर्गमध्ये जन्मलेला. शर्यतीचा मार्ग आखण्याचं काम त्याच्याकडे. कुठून निघायचं, रात्रीचा मुक्काम कुठे, सही घेण्याची चौकी कुठे, रेल्वे स्टेशन जवळ आहे का, हे सगळं तो पाहायचा. त्याला डोंगराचं वेड होतं. १९०५ साली त्याने संपादकाच्या गळी उतरवून बालों दाल्सास नावाचा एक घाट शर्यतीत घालून घेतला. तो तुर्मालेच्या मानाने लहान, १,१७१ मीटरचा. संपादकांना वाटलं होतं, सायकलवर बसून कोणी वर जाणार नाही. रेने पोतिए नावाचा गडी गेला. मग स्टेनेसची भीड चेपली आणि त्याने पिरेनीजचा हट्ट धरला.

देग्रांज म्हणाले, तिथे रस्तेच नाहीत. स्टेनेस म्हणाला, आहेत. शेवटी १९१० च्या शर्यतीत पिरेनीज असेल असं अंकात छापूनही आलं. त्यानंतर स्टेनेस पाहणीला गेला. बघा, क्रम उलटा झाला. आधी जाहीर केलं, मग पाहायला गेला. आमच्या गटात हे वाचून सगळ्या हसल्या, कारण योजना आधी जाहीर आणि पाहणी नंतर, ही रीत आपल्याला नवी नाही.

पहिल्यांदा तो ओबिस्क घाटाच्या पायथ्याला गेला. १,७०९ मीटरचा घाट. तिथल्या रस्त्यांच्या इंजिनिअरने त्याला वेड्यातच काढलं. वर रस्ता उरलाय कुठे? दुरुस्ती करायची तर पैसे कोण देणार? मग वर्तमानपत्राने दुरुस्तीत आपला वाटा द्यायचा असं ठरलं, घासाघीस झाली आणि काम मार्गी लागलं. म्हणजे आज जगभरातले हौशी सायकलवाले ज्या घाटरस्त्यावर जातात, तो एका शर्यतीसाठी लोकवर्गणीसारखे पैसे घालून नीट केलेला आहे.

मग आला तुर्माले. पायथ्याला सेंट मारी द काम्पां नावाचं लहान गाव. स्टेनेस तिथल्या खानावळीत जेवला आणि मालकाला विचारलं, वर जाता येईल का? मालक म्हणाला, जुलै महिन्यातसुद्धा मुश्किलीने जाता येतं, आणि आता तर बर्फ आहे. तरी याने एक मोटार आणि चालक भाड्याने ठरवला. माथा ४ किलोमीटरवर राहिला असताना गाडी बर्फात अडकली. अंधार पडत आला होता. चालक म्हणाला, इथे स्पेनच्या बाजूने अस्वलं येतात, मी थांबणार नाही. तो गाडी वळवून खाली गेला आणि शहरातल्या बुटांतला हा माणूस एकटा पायी निघाला.

वाटेत एक मेंढपाळ पोर भेटलं. त्याने थोडी सोबत केली आणि तेही परत फिरलं. माथा ओलांडला तेव्हा काळोख. रस्ता बर्फाखाली, त्यामुळे रस्ता कोणता आणि दरी कोणती ते कळेना. उतरताना तो घसरला, पडला, भिजला, उठला, परत चालला. खाली बारेज गावात लोक त्याला शोधायला निघाले होते. पहाटे तीनच्या सुमाराला तो गावात पोहोचला, अर्धमेला. त्याला गरम पाण्याने आंघोळ घातली, खायला दिलं. आणि सकाळी त्याने पॅरिसला संपादकांना तार केली. तारेचा मजकूर आजही तिकडे लोकांना पाठ आहे. अर्थ एवढाच की तुर्माले ओलांडला, रस्ता फार चांगला आहे, अगदी जाण्याजोगा आहे.

या तारेवर आमच्यात भांडणच झालं. निम्म्या जणी म्हणाल्या, हा खोटारडा. रात्रभर जीव मुठीत धरून आला आणि सकाळी ‘रस्ता उत्तम’ असं लिहितो? त्या रस्त्यावर जाणार दुसऱ्यांची पोरं. बाकीच्या म्हणाल्या, अगं, खरं लिहिलं असतं तर संपादकाने तो घाट कायमचा काढून टाकला असता, रस्ता दुरुस्त झाला नसता आणि पुढचं काहीच घडलं नसतं. शिवाय जुलैत बर्फ वितळतं हे त्याला ठाऊक होतं. आमचं एकमत झालं नाही. पण एका गोष्टीवर झालं. हा माणूस स्वतः गेला. नकाशावर पेन्सिलीने रेघ मारून बसला नाही. पाहणीला येऊन जीपमधून खाली न उतरता अहवाल लिहिणारी माणसं आपण पाहिलेली आहेत. त्यांच्यापेक्षा हा बरा. पायाने खरं पाहिलं आणि हाताने खोटं लिहिलं, असं आम्ही त्याच्याबद्दल ठरवलं.

हे वाचल्यावर आम्हीही एक काम केलं. शाळेचा रस्ता एका सकाळी आम्ही सगळ्या जणी चालून आलो, मुलींच्या वेळेला, मुलींच्या बरोबर. सहा किलोमीटर. तोपर्यंत आम्ही तो एसटीतूनच पाहिलेला. सायकल कुठे उतरून ढकलावी लागते, मोरीपाशी खडी कुठे सुटली आहे, उतारावर ब्रेक दाबून दाबून हात कुठे भरून येतात, पंक्चरचं दुकान शाळेच्या किती अलीकडे आहे, कुत्री कोणत्या वस्तीवर अंगावर येतात, हिवाळ्यात शाळा सुटल्यावर अंधार कुठे गाठतो, हे सगळं वहीत लिहून घेतलं. तीन पानं झाली. ती पानं ग्रामसंघात वाचली आणि ठराव केला की अंधाराच्या दिवसांत मुली एकट्या-दुकट्या न येता टोळीने येतील आणि प्रत्येक वस्तीवर एक बाई रस्त्यावर थांबेल. वहीत ‘रस्ता उत्तम’ असं आम्ही लिहिलं नाही.

तर १९१० चा मार्ग असा ठरला. २१ जुलै, दहावा टप्पा, लुशाँ ते बायोन, ३२६ किलोमीटर. आपल्या हिशेबात पुण्याहून कोल्हापूरला जायचं आणि तसंच माघारी वळून कऱ्हाड ओलांडायचं. आणि हे एका दिवसात. मध्ये चार मोठे घाट: पेरसूर्द, आस्पां, तुर्माले, ओबिस्क. वर्तमानपत्रवाल्यांनी या चार घाटांना पुढे ‘मृत्यूचं वर्तुळ’ असं नाव दिलं. नाव भडक आहे, खपासाठी असावं, पण अगदीच खोटं नाही. तुर्मालेचा एकटा चढ सेंट मारीपासून १७ किलोमीटरचा, आणि सरासरी शंभर मीटर पुढे गेलं की सात मीटरहून जास्त वर. पाण्याचा हंडा डोक्यावर घेऊन चढणाऱ्या बाईला हा आकडा समजावून सांगावा लागणार नाही.

सायकली कशा, तर लोखंडी, जड. आजच्यासारखे गिअर नाहीत. मागच्या चाकाला दोन बाजूंना दोन दातेरी चक्रं, चढ आला की खाली उतरून चाक काढायचं, उलटं करून बसवायचं. चढताना साखळी बदलणारे गिअर या शर्यतीत १९३७ पर्यंत चालत नव्हते. संपादकांचं म्हणणं, माणसाचं बळ दिसलं पाहिजे, यंत्राचं नाही. पंक्चर झालं तर स्वतः काढायचं, म्हणून जादा टायर खांद्यावरून छातीवर आडवी गुंडाळलेली. दुसऱ्या कोणाचीही मदत घ्यायची नाही, हा नियम.

त्याच वर्षी एक नवी सोय झाली. ज्यांना पुढे जाणं जमत नाही त्यांना उचलायला सगळ्यात मागून एक गाडी ठेवली. तिला नाव पडलं ‘झाडूगाडी’. मागे राहिलेलं झाडून नेणारी. ती अजूनही असते आणि तिला खरोखरीचा झाडू बांधण्याची पद्धत आहे. आम्हाला या सगळ्या आखणीतली ही एक गोष्ट मनापासून पटली. अवघड वाट आखायची तर थकलेल्याला परत आणायची तजवीज त्याच दिवशी, त्याच कागदावर हवी.

पहाटे साडेतीनला अंधारात सगळे निघाले. तुर्मालेवर पहिला पोहोचला ऑक्ताव लापीझ, बावीस वर्षांचा पोरगा. मधे मधे सायकल हातात धरून चालत. त्याच्या मागून ग्युस्ताव गारिगू आला. तो एकदाही खाली न उतरता चढला, म्हणून त्याला १०० फ्रँकचं बक्षीस मिळालं. तिकडे ओबिस्कच्या माथ्यावर स्टेनेस आणि त्याचा एक सहकारी वाट बघत उभे होते. मुख्य संपादक त्या दिवशी घाटात नव्हतेच. वेळ होत चालला, कोणी येईना. मग एक सायकलवाला आला, लाफुर्काद नावाचा, त्याच भागातला. याने विचारलं, बाकीचे कुठे, काय झालं? त्याने काही उत्तर दिलं नाही, मान खाली घालून तसाच पुढे गेला. जवळजवळ पाव तासाने लापीझ आला, अर्धा चालत, अर्धा सायकलवर. आयोजकांकडे बघून तो ओरडला, तुम्ही खुनी आहात.

एवढं बोलून तो सायकलवर बसला, उतरणीला लागला, लाफुर्कादला मागे टाकलं आणि १४ तास १० मिनिटांनी बायोनला पहिला आला. पहाटे साडेतीनला निघालेला माणूस संध्याकाळी पावणेसहाच्या आसपास पोहोचला, आणि मागचे कितीतरी जण त्यानंतर अंधार पडेपर्यंत येत राहिले. ती संपूर्ण शर्यत लापीझनेच जिंकली. ११० जण निघाले होते, ४१ जण पॅरिसला परत आले. सात वर्षांनी, पहिल्या महायुद्धात, विमान चालवताना तो मारला गेला.

‘खुनी’ हा शब्द ज्यांना उद्देशून होता, त्यांनी काय केलं? पुढच्या वर्षी पिरेनीज ठेवलाच, वर आल्प्स पर्वतातले आणखी उंच घाट घातले. कारण लोकांना ते वाचायचं होतं. कष्ट एकाचे आणि खप दुसऱ्याचा, अशी ती गोष्ट आहे, आणि ती आम्हाला थोडी खुपली. तरी हेही खरं की त्या घाटाने त्या गावांना नाव दिलं. शर्यत येते म्हणून रस्ता राहिला, रस्ता राहिला म्हणून माणसं येतात, खानावळी चालतात.

सेंट मारी गावाचीच आणखी एक हकीकत आहे, १९१३ सालची. युजेन क्रिस्तोफ नावाचा सायकलवाला तुर्माले उतरत असताना त्याच्या सायकलचा पुढचा चिमटा मोडला. मदत घ्यायची नाही हा नियम. सायकल खांद्यावर घेऊन तो पायी दहा किलोमीटरहून जास्त खाली आला, रडत. गावात पहिली भेटली एक मुलगी. तिने त्याला दुसऱ्या टोकाच्या लोहाराच्या भट्टीपर्यंत नेलं. लोहाराने तोंडाने सांगायचं, हाताने काही करायचं नाही. क्रिस्तोफने स्वतः लोखंड तापवलं, ठोकलं, चिमटा जोडला. काही तास गेले. शर्यतीचे निरीक्षक तिथेच उभे राहून बघत होते. काम संपल्यावर त्यांनी दंड ठोठावला १० मिनिटांचा, का, तर भट्टीचा भाता एका सात वर्षांच्या पोराने मारला म्हणून. नंतर तो दंड कमी केला म्हणे. त्या जागी आज पाटी लावलेली आहे. नियम असावेत, आपल्या गटातही आहेत, पण नियम कोणाला जिरवायला असतो आणि कोणाला सांभाळायला, हे त्या भट्टीपाशी दिसतं.

आता तुम्ही म्हणाल, या सगळ्यात बाया कुठे होत्या? आम्हीही तेच शोधत होतो. आपल्याकडच्या मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात, तिकडे ‘पर्वतांचा राजा’ म्हणतात. राजाच, दोन्हीकडे.

फ्रान्समध्ये बायका सायकल चालवत नव्हत्या असं अजिबात नाही. १८६८ सालीच बोर्दो शहरात बायकांची सायकल शर्यत झाली होती. पण पॅरिसमध्ये बाईने पँट घालायला पोलिसांची परवानगी लागे. पुढे १८९२ आणि १९०९ साली सवलत दिली, ती अशी की हातात घोड्याचा लगाम किंवा सायकलचं हँडल असेल तर पँट चालेल. म्हणजे सायकल भिंतीला टेकवली की गुन्हा! आपल्या आजीच्या नऊवारीला हा प्रश्न पडलाच नसता. काष्टा घातला की सायकल काय, घोडासुद्धा.

१९०८ साली मारी मार्व्हां नावाच्या बाईने शर्यतीत नाव घालायला अर्ज केला. ती पोहायची, डोंगर चढायची, पुढे विमानही चालवू लागली. तिला नकार मिळाला, शर्यत पुरुषांची आहे. मग तिने तोच पूर्ण मार्ग, साडेचार हजार किलोमीटरच्या आसपास, आपला आपण सायकलवर पार केला, असं तिच्या चरित्रात सांगतात. त्या वर्षी शर्यतीत उतरलेल्या पुरुषांपैकी ३६ जण शेवटपर्यंत पोहोचले होते. वर्तमानपत्राने आखलेला वळसा तिने न विचारता वापरला, आणि रस्ता काही तिला अडवायला आला नाही.

त्यानंतर मात्र फार मोठा खंड. १९५५ साली बायकांची पाच दिवसांची शर्यत नॉर्मंडी भागात झाली आणि एकदाच होऊन थांबली. १९८४ साली पुरुषांच्याच शर्यतीबरोबर बायकांची शर्यत ठेवली. त्याच रस्त्यांवरून, तेच घाट, फक्त काही तास आधी आणि अंतर कमी. कित्येक जणांनी छापून आणलं होतं की या बायका पोहोचायच्याच नाहीत. पोहोचल्या. अमेरिकेची मारियान मार्टिन जिंकली. तिला मिळाले सुमारे १,००० डॉलर, आणि पुरुषांमध्ये जिंकलेल्याला एक लाखाहून जास्त. आपल्या गटात बेरीज-वजाबाकी करणाऱ्या जणी आहेत, त्यांनी हा हिशेब मांडून बघावा. तीही शर्यत काही वर्षांनी बंद पडली. पैसा नाही, हे कारण.

याच काळात बायका स्वतःचे वळसे स्वतः आखत होत्याच. आपल्या पुण्याची वेदांगी कुलकर्णी हिने २०१८ साली, वीस वर्षांची असताना, एकटीने सायकलवर पृथ्वीला फेरी मारली. २९ हजार किलोमीटर, १५९ दिवस. मार्ग, व्हिसा, हवामान, मुक्काम, सगळं स्वतःच्या डोक्याने. स्पेनमध्ये तिला चाकू दाखवून लुटलं, तरी ती पुढे गेली. तिच्यामागे झाडूगाडी नव्हती.

२०२२ साली बायकांची फ्रान्सची शर्यत नव्याने सुरू झाली. आठ टप्पे. जिंकणारीला ५० हजार युरो, पुरुषाला ५ लाख. म्हणजे दहावा हिस्सा. दर पुन्हा लक्षात ठेवण्यासारखा. त्यांच्या जागतिक संघटनेचा नियम आहे की बायकांचा एका दिवसाचा टप्पा साधारण १६० किलोमीटरपेक्षा मोठा ठेवायचा नाही. त्या वर्षी एक टप्पा १७५ किलोमीटरचा होता, त्याला खास परवानगी काढावी लागली. १९१० साली ३२६ किलोमीटर द्यायला कोणाची परवानगी लागली नव्हती. पुरुषांना जास्त राबवलं हे काही भूषण नाही, पण बायकांची मर्यादा ठरवताना बायकांना विचारलं होतं का, हे आम्हाला विचारावंसं वाटतं. आणि त्याच शर्यतीच्या शेवटच्या दिवशी मार्ग कुठून गेला, तर बालों दाल्सासवरून. स्टेनेसने १९०५ साली हट्टाने घालून घेतलेला पहिला घाट तो.

मग २०२३, जुलैची २९ तारीख, शनिवार. बायकांचा सातवा टप्पा, ९० किलोमीटर. आधी आस्पांचा घाट आणि मग शेवट थेट तुर्मालेच्या माथ्यावर. चढ तोच, सेंट मारीचा, क्रिस्तोफच्या भट्टीवरून जाणारा. वर इतकं दाट धुकं होतं की कडेला उभ्या असलेल्या लोकांना चढणारी बाई अगदी जवळ आल्याशिवाय दिसत नव्हती. नेदरलँड्सची डेमी व्होलेरिंग शेवटचे काही किलोमीटर एकटी चढली आणि मागच्या बाईच्या जवळजवळ दोन मिनिटं आधी माथ्यावर पोहोचली. मोठ्या शर्यतींत उतरण्याआधी ती फुलांच्या दुकानात काम करायची. दुसऱ्या दिवशी पूर्ण शर्यतही तिच्याच नावावर झाली.

पण बैठकीत हे वाचलं तेव्हा आमच्यातल्या सगळ्यात वयस्कर मावशींनी जिंकणारीबद्दल काही विचारलं नाही. त्यांनी विचारलं, सगळ्यात शेवटी कोण आली आणि तिला खाली कोणी आणलं? त्या दिवशीही मागे झाडूगाडी होती, एवढं आम्ही त्यांना सांगितलं.